टक्

जीप बोलत होती डाव्या पुढच्या चाकातून.
खड्डा आला की टक्.
स्टिअरिंग मुरडलं की टक्, आणि जरा थांबून,
विसरलेलं आठवल्यासारखं,
अजून एक.

गाडी निरंजन टिपणीसांची. स्पितीची धूळ अजून दाराच्या फटीत,
आणि सोमवारी पुन्हा निघायचं होतं.
विश्राममामा पुठ्ठ्यावरून खाली सरकला,
चाकाखाली पहार घालून हलवली,
दुसरा तळहात जॉइंटवर:
दूध उतू जाण्याआधी भांड्याला लावतात तसा.
"गोळ्यानं वाटी खाल्ली," तो खालूनच म्हणाला.

टिपणीसांनी अवजार सोबत आणलेलं, परदेशी.
काळ्या फोममध्ये बावीस नळकांडी,
प्रत्येकाला आपापला खड्डा, आपापला नंबर.
बाविसातलं एकही बसेना.
आधी कुणीतरी, मनालीच्या वाटेवर कुठेतरी,
भोक वाढवून मापाबाहेरचा गोळा ठोकून दिला होता.
मामानं कडेवरून बोट फिरवलं.
"हात चांगला होता मेल्याचा," म्हणाला,
आणि डबा मिटला.

मग शिकंजा निघाला.
दारूखान्यात तोडलेल्या कुठल्याशा जहाजाची बरगडी,
मामाच्या सासऱ्यानं वाकवून, वेल्ड मारून, स्क्रू घालून केलेली.
उचलायला दोघं लागतात.
पालिकेच्या जुन्या पाइपाचा वीतभर तुकडा,
रस्त्यापलीकडच्या इद्रीसकडून ट्रकच्या बेअरिंगची कडी,
मध्ये एक वायसर, तोही घासून.
मी डिप्लोमाची. टॉर्च दातात धरून
वहीच्या पुठ्ठ्यावर दाबाचं गणित करत होते.
उत्तर आलं तेव्हा
जुना गोळा परातीत पडून गोल फिरत होता.

नवा दोन पिशव्यांत बांधून
मासळीबाजारात धाकलीच्या बर्फात, सुरमईखाली.
"आकसतो," मामा म्हणाला, "केसाएवढा."
केसाएवढंच हवं होतं.
इकडे नकलला ब्लोलॅम्पची धग,
पाण्याचा थेंब नाचून उडेपर्यंत, त्यापुढे नाही.
"गोळ्यावर मारायचं नाही गो, आयुष्यात कधी.
दाबायचं तर कडेवर."
हे त्यानं तीनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा माझ्याकडे न बघता.

स्क्रू फिरवला.
काही नाही.
फिरवला. पाइप कुरकुरला,
जहाजाची बरगडी किंचित उघडली, मला दिसली,
मी मागे सरले, आणि तेवढ्यात
तो आत गेला,
उशीर झालेला माणूस मान खाली घालून घरात शिरतो तसा, सरळ.
सर्क्लिप खाचेत बसली.
मामा म्हणाला, "हं."
दिवसभरात त्यानं स्वतःला दिलेली शाबासकी तेवढीच.

पुढच्या आठवड्यात फोन आला, उंचावरून, तुटत तुटत.
टक् गेली म्हणाले. पार गेली.
फक्त एक आहे, मुक्काम केला की
गावातली कुत्री येऊन डाव्या चाकाशीच बसतात,
उजव्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.
मामानं ऐकलं, ग्रीसचा हात पँटला पुसला.
"पिशवी फाटली असणार," म्हणाला,
आणि दुसऱ्या गाडीखाली गेला.

डबा ते इथेच विसरले.
फोममधला एक खड्डा आता रिकामा असतो:
सात नंबर.
धाकलीच्या तराजूला पासंग म्हणून
तो बरोब्बर बसला.