मोर, मान मागे

संध्याकाळी साडेसातला त्र्यंबक लांभाते आले,
वीज मंडळातून निवृत्त, खिशाला अजून तीच दोन पेनं.
बिलाच्या घडीतून काढून
माझ्या मखमलीवर ठेवलं एक नाणं,
रुपयाहून लहान, कुंकवानं माखलेलं.
"चांगलं बघून सांगा. घाई काही नाही आहे.
देवी कोणती, तेवढंच पाहिजे."

सराफ्याच्या या गल्लीत मी तीस वर्षं
होळकरांचे सूर्य वाचतो, बेलाचं पान, पिंडी,
झिजत झिजत नुसते डोळे उरलेला सूर्य.
हे त्यातलं नव्हतं.

"शालनच्या आईच्या पुतळ्यांच्या माळेत होतं म्हणे.
माळ मोडली, हे उरलं.
अडतीस वर्षं देवघरात. मोर आहे ना,
म्हणून ही सरस्वती म्हणायची.
मुलींच्या बारावीला याच्यावर दूध."

भिंग लावलं.
कुंकू खोबणींत बसलं होतं, म्हणून तर अक्षरं उठली;
धुतलं असतं तर मला काही वाचता आलं नसतं.
एका बाजूला मोर. दुसऱ्या बाजूला बाई,
मोत्यांच्या ओळी, डोक्यावर उंच अंबाडा,
आणि अंबाड्यातूनच आरपार माळेचं भोक.

म्हणालो, ही रोमची राणी.
मेली. नवऱ्यानं सभेपुढे विषय ठेवला,
ठराव झाला, देवी झाली.
"ठरावानं?"
ठरावानं. देऊळ, पुजारिणी, टाकसाळीला हुकूम.
राजा गेला की न्यायला गरुड यायचा, राणीला मोर.
हा पोचवणारा मोर आहे.

त्यांनी भिंग मागून घेतलं.
जन्मभर मीटरचे आकडे वाचलेले डोळे.
एकेक अक्षर बोटानं हवेत गिरवलं,
डी, आय, व्ही, ए,
मग जोडून, पहिलीतल्या पोरासारखं:
"दिवा.
दिवा लिहिलंय साहेब."

मी सांगणार होतो, लॅटिन आहे, अर्थ देवी,
आपल्या देवीची लांबची बहीण.
पण ते बोलायला लागले होते, माझ्याशी नाही.
"फीडर गेला की मी रात्रभर खांबांवर.
अख्खं मल्हारगंज अंधारात
आणि आमच्या खिडकीत हिचा कंदील.
वीजवाल्याच्या घरी कंदील! लोक हसायचे."

नवरा पुढे वीस वर्षं जगला.
वीस वर्षं पाडत राहिला तिचीच नाणी.
भाजीला, न्हाव्याला, शिपायाच्या पगारात
मेलेल्या बायकोचा चेहरा.
हे सांगितलं तेव्हा लांभाते म्हणाले,
"मी गॅसचं कनेक्शन माझ्या नावावर करून घेतलं.
बस."

एक गोष्ट सांगितली नाही.
कडेची चांदी उडालीय, आत तांबं.
त्या काळचंच खोटं,
कुणीतरी टाकसाळीच्या पाठीमागे रात्री पाडलेलं.
"देवी खरी आहे ना?"
मी म्हणालो, मोर खरा आहे.
म्हणालो खरं, पण तेही नीट बसेना.

शटरं पडत होती. समोर गराडूवाला
कढई मांडत ओरडला, "भिया, टेबल थोडा अंदर!"
उठता उठता त्यांनी विचारलं,
"ठेवायची कशी? इतकी वर्षं मोर वर होता.
बाई खाली, ताम्हनाला तोंड लावून."
म्हणून तिचं नाक गेलेलं.
माझ्याकडे जाडजूड सूच्या आहेत, चार देशांच्या.
हे कशातच नाही.
त्यांनी बिलाची घडी घातली,
उघडली,
पुन्हा घातली.

वहीत लिहिलं:
दिनार, रोमन, मुलाम्याचा. भोक, वर.
पुढे: स्त्री. नाव अर्धं गेलेलं, 'दिवा' स्पष्ट.
मागे: मोर, उजवीकडे चाललेला,
मान मागे.