पान दोनशे बारा

सहा आठवड्यांतून एकदा
फेरीबोटीच्या पोटातून उतरते एक निळी लॉरी,
जेटीशेजारी उभी राहते
आणि दोन्ही कुशी फुगवून होते सिनेमाघर.
ऐंशी खुर्च्या. वारा उठला
की पडद्यावरचे राजवाडेसुद्धा डुलतात.
आमच्या बेटावर झाडं कमी, मेंढ्या फार,
आणि रविवारी दोरीवर कपडेही वाळत घालत नाहीत.

मी शोनाक. वय पंधरा.
ती कादंबरी मी चारदा वाचलीय:
एकदा शाळेच्या बसमध्ये, एकदा तापात,
एकदा पीट कापायच्या दिवसांत, हात काळे असताना
(ठसे अजून आहेत, लायब्ररीवाल्या बाई काही बोलल्या नाहीत)
आणि एकदा नुसतीच.

गोष्ट एका पोस्टमास्तरणीची.
दुसऱ्याचं एक पत्र तिनं दाबून ठेवलं, एकोणीस वर्षं.
ज्या रात्री ती ते जाळते
ती रात्र पुस्तकात अकरा पानं चालते.
अकरा! काडी ओढायलाच दोन पानं लागतात.
दर वेळी मी म्हणते, नको गं, नको.
दर वेळी ती जाळते.

रुआरीला मीच ओढून नेलं.
तो फेरीबोटीवर दोर फेकतो, सतरा वर्षांचा.
अक्षरं डोळ्यांपुढे आली की
माशांसारखी सुळकन निसटतात,
असं तोच सांगतो, हसत.
शाळेत होता तेव्हा हसायचा नाही.
रांगेतच मी त्याला बजावलं,
पुस्तकासारखं नसणार हं, आधीच सांगते.

नव्हतंच.
तपकिरी कोट हिरवा केला होता,
बहीण गाळली होती, अख्खी, मुळासकट,
आणि ती रात्र:
एक हात. एक ज्योत. काचेत एक चेहरा.
चार सेकंद. मी मोजले.
अंधारात तळपायाची आग मस्तकात घेऊन
मी उरलेला सिनेमा बघितलाच नाही.

बाहेर पाऊस आडवा.
चिप्सच्या गाडीच्या आडोशाला
मी त्याला सगळं ऐकवलं:
कोट, बहीण, दोन पानांची काडी.
बोटांवरचं व्हिनेगर चाटत तो ऐकत राहिला.
मग म्हणाला, "आणि कुत्रं?"
कुठलं कुत्रं?
"पोस्टाच्या पायरीवर रोज येऊन बसायचं ते.
ज्याचं पत्र, त्या म्हाताऱ्याचं.
पावसात ते उठून गेलं की
पायरीवर कोरडा तुकडा उरायचा, कुत्र्याएवढा.
जाळल्यानंतरच्या सकाळी ती दार उघडते,
खाली बघते.
पायरी सगळी ओली."

पुस्तकात कुत्रं नाहीये, मी म्हटलं.
चारदा वाचलंय मी.

घरी आले, बूट न काढताच जिना चढले.
पान दोनशे बारा. खालून तिसरी ओळ,
माझ्याच काळ्या अंगठ्याखाली:
दाराशी कुत्रं नव्हतं.
बस, एवढंच.
मागे गेले. पान चाळीस, एकशे सहा, एकशे एकसष्ट.
होतं ते. शेपटी, ओला वास,
एका वाक्याच्या शेवटी एक जांभई.
चारही वेळा मी त्याला ओलांडून
ज्योतीकडे पळत सुटले होते.

हल्ली शेवटची बोट बांधून झाली
की दोरांच्या वेटोळ्यांवर बसून मी त्याला वाचून दाखवते.
तो मध्येच थांबवतो.
दिवा कुठे ठेवलाय तिनं?
कुठल्या हातात पत्र?
मला माहीत नसतं. दोघं मागे जाऊन शोधतो.
कधी सापडतं, कधी लेखिकेलाही माहीत नसतं.
बहीण त्याला फार आवडली.
"हिला का गाळली?" तो चिडून विचारतो,
जणू गाळली मीच.

काल अकरा पानं आली.
बाहेर सील भुंकत होते, माझा घसा बसलेला.
तिनं काडेपेटी उघडली,
एक काडी मोडली, दुसरी काढली,
आणि रुआरीनं पानावर हात ठेवला,
दोरानं सोललेला, पालथा.
शेवट त्याला ठाऊक आहे, माझ्याइतकाच.
"थांब," तो म्हणाला.
"आज शनिवार.
उद्या काही जाळायचं नाही.
सोमवारी बघू."