निळा टँकर

शुक्रवारी सकाळी सातला आमची उपासना,
घालाच्या आवारात, तमिळ मंडळी यायच्या आधी पन्नास मिनिटं.
आम्ही अकरा जण. मार्थाबाईंचं बाळ धरून बारा.
पेटीचा एक सूर बसलेला, तो आला की
सगळे मिळून जरा खाली गातात.

शास्त्रपाठ होता शमरोनी बाईचा.
शिमोनभाऊ साळवे, आठवडाभर सिमेंटच्या गोण्या मोजणारे,
चष्मा कपाळावर सारून म्हणाले, विहीर खोल होती.
मी मनात विचारलं, किती परस?
खरं तर माझं ध्यान पाइपाच्या वायसरवर होतं.
सांध्यातून गळतंय,
दर खेपेला दोन बादल्या रस्ता पितो.

धंदाच माझा तो. गोडं पाणी.
आमरातला पहाटे चारला नंबर लावायचा,
टँकर भरायचा, दुसऱ्या गिअरमध्ये डोंगर चढायचा,
आणि जिथं नळ पोचला नाही तिथं
गच्चीवरच्या टाकीच्या तोंडात पाइप द्यायचा.
समुद्राचं मीठ काढून घेतलेलं पाणी,
त्याला कुठल्याच गावाची चव नसते.
आई फोनवर विचारते, बाधत नाही ना रे?

शनिवारी शेवटची खेप शमसा अम्माकडे.
तिच्या अंगणातून जाणारा फलज तीन वर्षं कोरडा,
त्यात आता शेळ्या बसतात.
चढावर इंजिन उकळलं. माझी बाटली रेडिएटरनं प्यायली.
पाठीवर पाच हजार गॅलन,
व्हॉल्व्हला सील, थेंबन् थेंब गिऱ्हाइकाचा,
आणि जीभ टाळूला चिकटलेली.

टाकी भरेपर्यंत भिंतीच्या सावलीत उभा राहिलो.
सावलीसुद्धा चटके देत होती.
मला पंधरा-वीस अरबी शब्द येतात,
बहुतेक पैशांचे.
म्हटलं, अम्मा, मोय.
म्हणताना लाजलो. पाणीवालाच पाणी मागतोय.

बोरीच्या फांदीला मातीचा जहला टांगलेला.
त्यातलं पाणी मागच्या खेपेचं,
म्हणजे मीच आणलेलं,
पण आठवडाभर वाऱ्यात झुलून
त्याला मातीचा वास लागला होता.
तिनं वाडगा भरला. आधी स्वतः एक घोट घेतला,
थंड आहे की नाही बघायला असेल,
आणि तोच वाडगा माझ्या हातात दिला.

हातात.

आमचा आजा शेवगावकडचा.
बाप्तिस्मा झाला, नाव मिळालं शांतवन.
पाटलाच्या विहिरीवर मात्र जागा जुनीच:
खालच्या पायरीशी वाकायचं, ओंजळ करायची,
वरून कुणीतरी हात उंच धरून ओतणार,
धार तुटली की तहान संपली असं समजायचं.
म्हातारपणीही तो पेल्यानं पाणी प्यायचा नाही.
आम्ही हसायचो.
दोन्ही तळवे जोडून बसायचा न्हाणीपाशी,
प्रार्थनेला बसल्यासारखा.

मी अर्धं प्यालो. वाडगा परत दिला.
उरलेलं ती प्यायली,
तळाचं शेळीला टाकलं,
आणि वरून ओरडली, टाकी सांडतेय.

उतारावर ब्रेक सांभाळताना लक्षात आलं,
त्या गोष्टीत आधी मागतो कोण?
इतकी वर्षं मी तिच्या घागरीकडेच बघत होतो.
भर दुपारी, दमून, परक्या गावात,
ज्याच्यापाशी सगळं पाणी आहे
तोच पोहरा नसल्यागत बसलाय काठावर
आणि म्हणतोय, बाई, जरा देतेस का.

पुढच्या शुक्रवारी शिमोनभाऊंनी विचारलं,
कुणाची साक्ष?
मी कधी उठत नाही. उठलो.
म्हटलं, वायसर अजून बदललेला नाही.
सगळे हसले. बाळही.
मग म्हटलं, डोंगरात एका बाईकडे पाणी प्यालो.
पुढचं काही जुळेना.
नथनेल, बस, म्हणाले शिमोनभाऊ, हळूच,
आणि दाराशी तमिळ मंडळी चपला काढत होती
म्हणून आम्ही शेवटचं गीत
दोनच कडवी गायलो.