चोडणची फेरी

बत्तीस वर्षं मी बंदर-कचेरीत
भरती-ओहोटीची वही लिहिली.
तास, मिनिटं, पाणी किती हात चढलं.
साहेब बदलले, पंखे बदलले,
सगळे विचारत, सुकांतीबाई, पाण्याचा एवढा कसला सोस?

शाणूच्या उजव्या हाताला तीन बोटं होती.
एवढंच उत्तर होतं, आणि ते मी कुणाला दिलं नाही.

चौऱ्याहत्तर साल. मी नऊची, तो पाचाचा.
रायबंदरहून चोडणला, मावशीकडे.
आईनं धक्क्यावरच बजावलेलं, हात सोडू नकोस.
फेरीत खाजेकार टोपली घेऊन बसलेला,
आल्याचा, गुळाचा वास,
आणि माझ्या परकराच्या गाठीत दहा पैसे.
गाठ सोडायला दोन्ही हात लागतात.
फळी उतरायला लागली. साखळी सुटली.
शाणूला साखळी आवडायची,
ती पाण्यात जाताना
सापासारखी चमकते म्हणायचा.

नंतर त्यानं डाव्या हातानं लिहायला घेतलं.
मला कधी एका शब्दानं बोलला नाही.
बोलला असता तर मी वही लिहिली नसती.

एका रात्री आकडे जुळले.
त्या दिवसाचं पाणी, मिनिटासकट, हातासकट,
परत येत होतं. येत्या गुरुवारी.
मी रजेचा अर्ज टाकला,
कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं.

फेरी मधोमध आली तेव्हा
मागचा उंच पूल तारांसकट नाहीसा झाला,
मोटारसायकली गेल्या, सायकली आल्या.
इनास खलाशी ओरडला, "फाटीं सरात!"
इनासला जाऊन वीस वर्षं झालेली.

आणि तिथे ती, लाल रिबिनी,
मान खाली घालून गाठ सोडवत बसलेली.

मी तिच्याकडे गेले नाही.
शाणूचं मनगट धरलं, जिवाच्या आकांतानं,
तो किंचाळला,
साखळी रिकाम्या हवेतून खडखडत गेली.
"कोण गो तूं? सोड म्हज्या भावाक!"
आणि तिनं माझ्या नडगीवर लाथ मारली.
नऊ वर्षांच्या माझी लाथ.
अजून दुखते, पावसाळ्यात जास्त.

परतले तर कचेरीत मला कुणी ओळखेना.
वही होती. अक्षर दुसऱ्याचं,
गोल, निष्काळजी,
एक आणि सात वेगळे कळू नयेत असं.

मग मी रोज फेरीत बसू लागले. तिकीट नाही, कुणी विचारत नाही.
अकराव्या दिवशी ती दोघं आली.
शाणू टक्कल पडलेला, सुटलेला,
मुलीला मोबाइलवर काहीतरी दाखवत होता.
मी मोजलं. परत मोजलं.
दहा.

शेजारी बाई बसलेली, माझ्याच चेहऱ्याची,
पण कपाळावर आठी नसलेली.
मोठ्यानं हसत होती. त्याचा हात तिनं धरला नव्हता.
धरायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

"लहानपणी ह्याच फेरीत," तो मुलीला सांगत होता,
"एका वेड्या म्हातारीनं मला असं धरलं, बघ."
त्यानं बाही वर केली.
मनगटावर चार बारीक चंद्र,
माझ्या नखांचे.
"तेव्हापासून म्हाताऱ्या बायकांची भीतीच बसली.
विचार हवं तर सुकूला."

सुकू हसली. मला उभी पाहून सरकली,
"बसा ना, बाय," म्हणाली,
आणि कागदाची पुडी पुढे केली.
खाजे.
अठ्ठेचाळीस वर्षं मी ते तोंडाला लावलं नव्हतं.
घेतलं. कडक होतं, आलं जरा जास्त.
पाणी किती चढलंय विचारावंसं वाटलं तिला,
विचारलं नाही. तिला काय ठाऊक.

चोडण आलं. साखळी सुटली.
सगळे बोलत, पिशव्या सावरत पुढे सरकले,
शाणू तर अगदी कडेला, वाकून बघत.

मी एकटीनंच
दोन्ही हात पदराखाली घेतले.