पांढऱ्यावर काळं

गावाचं नाव, आखाताचं नाव, तारीख,
तेव्हा यातलं काहीच जाऊ दिलं नसतं मी.
आता लिहितो: अकुरेरी, आइसलँड, जून एक्केचाळीस.
पत्र्याची अर्धगोल बराक, कोकची शेगडी,
आणि दुपारच्या डाकेआधी
चाळीस जणांची घरची पत्रं
माझ्या पुढ्यात, उघडी.

एमॉस थॅकरेला पांढऱ्यावर काळं करता येत नसे.
हयात यॉर्कशरच्या गिरणीत, मागावर;
तुटलेला धागा अंधारातही बोटांना सापडायचा.
तो सांगायचा, मी लिहायचो:
"नेली, इथे रात्र होतच नाही.
सूर्य पाण्याला टेकतो अन् पुन्हा उठतो,
झोप न लागणाऱ्या पोरासारखा."
मग टाक ठेवून मी पातं उचलायचो
आणि सूर्य कापून काढायचो.
त्यावरून अक्षांश कळतो.
हेरिंगचा वास गेला. लाव्हाची काळी जमीन गेली.
मेंढ्या ठेवल्या, मेंढ्या यॉर्कशरातही आहेत.

एमॉस बघत बसे. एकदाच म्हणाला,
"साहेब, मग लिहिलंतच कशाला?"
"नियम आहे," मी म्हणालो.
असा नियम कुठेच नव्हता.

ऑगस्टात नेलीचं उत्तर आलं. मी वाचून दाखवलं:
"कंदील उशाशी ठेवत जा.
अंधाराला भितोस तू, मला ठाऊक आहे."

खाली कोपऱ्यात, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात
माझ्यासाठी:
"लिहिणारा आणि पाकिटावर सही करणारा
हात एकच आहे, पोस्टात बसून एवढं कळतं.
नेलीला वाचता येत नाही. मीच वाचते, मीच लिहिते.
भोक आलं की थांबता येत नाही हो,
ती तोंडाकडे बघत असते.
म्हणून मनचं घातलं: इथे फार अंधार असतो.
चाललं ना? ई. रॅम्सडेन."

हे वर कळवायला हवं होतं.
मी पेन्सिलीची ओळ खोडरबरानं पुसली, नीट, दोनदा.

"कसला अंधार?" एमॉस म्हणाला.
रात्रीचे दहा. खिडकीबाहेर
टेकडीवर अजून ऊन होतं, मेंढ्या चरत होत्या.
बराच वेळ त्यानं टोपीची शिवण चाचपली.
"लिहा," म्हणाला, "ठेवलाय म्हणावं. उशाशीच."

तेवढं वाक्य अख्खं गेलं.

डिसेंबरात अंधार खरोखरच आला,
दुपारी तीनला, दाराशी.
एमॉसनं तो सांगितला, मी लिहिला,
आणि पातं उचललं.