चिकटपट्टी

बोल्टनच्या आमच्या शाळेत नियमांची वही होती,
निळ्या पुठ्ठ्याची. मोजे गुडघ्यापर्यंत,
जिन्यात डावीकडून, वर्गात कोट घालायचा नाही,
खिडकीची काच फुटलेली असली तरी.
पान सातवर : दागिने नाहीत.

माझी चमकी तांदळाच्या कणीएवढी.
मिसेस ऑलरेनशॉ दर सोमवारी
दारातच थांबवायच्या, डबीतून पट्टी काढायच्या,
अंगठ्यानं दाबून बसवायच्या नाकावर.
डबीवर लिहिलेलं, त्वचेच्या रंगाची.
कुणाच्या, ते नव्हतं लिहिलं.
चमकी एरवी कुणाच्या लक्षातही येत नसे,
पट्टी मात्र फळ्यापासून फाटकापर्यंत दिसे.
संध्याकाळी आई खोबरेल लावून ती सोडवायची
आणि शाळेचा उद्धार करायची मराठीतून, हळू आवाजात,
भिंती पातळ होत्या.

काल वॉर्डात आल्या त्या. खुब्याचं हाड.
मला ओळखलं नाही. कशा ओळखणार,
नाकात काही नाही आता, भोकही बुजलंय.
म्हटलं, अंगठी काढावी लागेल, ऑपरेशनआधी नियम आहे.
निघेना. पेर सुजलेलं. साबण लावून पाहिला.
"फ्रँक गेला तेव्हाही नाही काढली गं."
मग पट्टी घेतली. तोही नियमच,
निघत नसेल तर झाकायची.

जरा जास्तच दाबली का मी?
त्यांनी हात मागे घेतला नाही.

उद्या सोडवताना खोबरेल न्यावं म्हणते,
घरात आहे थोडं.
नियमात बसतं का, विचारलेलं नाही.