खालचा अर्धा

इस्तारी मेरगूंनी कॅबिनेट आणलं
स्कूटरवर पायाशी, टॉवेलात गुंडाळून,
वर गाठ, दशम्या बांधाव्यात तशी.
कन्ना चौकापासून इथवर
एका हातानं हँडल, दोन्ही गुडघ्यांनी ते.
"चालूच होईना, अम्मा."
(सगळ्या पोरींना ते अम्मा म्हणतात. मी सव्वीस वर्षांची.)

झाकण काढलं तर आत कापूस.
पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या फटीत,
पॉवर सप्लायच्या जाळीला चिकटलेला,
राखी, पिवळट, एक धागा तर चक्क मेंदी रंगाचा.
"ती चादर बंद होऊन नऊ वर्षं झाली," ते म्हणाले.
मी ब्रशनं ओढत गेले,
ते गोळा करत गेले,
आणि कागदाची पुडी बांधून खिशात घातली.

रॅम खोडरबरानं घासली.
पॉवर सप्लाय बदलून पाहिला.
मदरबोर्ड गेलेला. त्याचं दुःख नाही,
तो भंगारातही मिळतो.
डिस्क बाहेर काढली, माझ्या मशीनला वायरनं जोडली.
टक्. टक्.
थांबून, टक्.
मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले,
"धोटा अडकालाय."

मी सांगितलं, आता हिच्यावर काही लिहायचं नाही काका,
फक्त वाचायचं, जमेल तेवढं,
आणि दुसरीकडं उतरवून ठेवायचं.
"मग आमचं जुनंच की," म्हणाले,
आणि जेकार्डच्या पुठ्ठ्यांवर आले:
भोक असलं तर दोरा वर, नसलं तर खाली,
एका मोराला चौदाशे पुठ्ठे, ओळीनं ओवलेले.
"त्यातला एक बी कधी चालू होईना असं झालं नाही.
उंदरानं खाल्ला, ती गोष्ट वेगळी."
कॉम्प्युटर आला त्या वर्षी सगळे रद्दीत दिले.
किलोला तीन रुपये.
वजन सांगितलं त्यांनी. मी विचारलं नव्हतं.

दुपारी लाईट गेली. बाहेर त्रेचाळीस.
इन्व्हर्टरवर पंखा चालंल किंवा डिस्क.
मी पंखा बंद केला.
ते टॉवेलानं वारा घालत बसले.
मला नाही. डिस्कला.

साडेसहापर्यंत एकशे बारा डिझाइनं निघाली.
हत्ती निघाला. कोयऱ्या निघाल्या.
ज्याचे पैसे कधी आले नाहीत
तो दुबईच्या ऑर्डरीचा उंट
कुबडासकट पूर्ण निघाला.
मोर मात्र खालचा अर्धा, वर सगळं काळं.
मी म्हटलं, हा गेला, काका.

ते हसले. "चादरीला कुठं वर-खाली असतं?
माणूस कुठल्या बी बाजूनं झोपतो.
आम्ही अर्धाच काढायचो. उलटा करून वर लाव,
झाला मोर."
मी लावला.
झाला.

मग 'घर' नावाचं फोल्डर.
त्यात घरातलं काहीच नाही, एक फोटो:
कारखान्याच्या दारात चौघं उभे.
हा वरचा अर्धा निघाला.
पत्र्यावरचा बोर्ड, टोप्या, उन्हानं बारीक केलेले डोळे,
आणि नाकाखाली
राखी, एकसारखं, कापसाच्या रंगाचं.

"हा मी. हा सत्तय्या. हा हुसेनबाशा, जॉबर."
चौथ्यावर बोट थांबलं.
"ह्याला मिशीवरनंच वळखायचो."
बराच वेळ बघितलं,
खाली वाकून पण बघितलं,
जसं काही स्क्रीनच्या कडेखालून
उरलेलं तोंड दिसंल.
माझं बोट माऊसवर होतं.
उलटा करून लावता आला असता.
मी लावला नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

पेनड्राईव्ह त्यांनी खिशातल्या पुडीत ठेवला, कापसात.
मेलेली डिस्क पण परत मागितली.
स्कूटरला किक मारता मारता म्हणाले,
"अजून काय निघालं तर फोन कर."
आता काही निघणार नाही, हे मी दोनदा सांगितलं होतं.
"बरं," ते म्हणाले,
"मला त्याचं नाव आठवलं
तर मी करीन."